विश्लेषण : गावे खरेच ओस पडत आहेत का? आकड्यांचे थर काय दाखवतात, काय झाकतात?

आजरा तालुका म्हटले की घनसाळ तांदूळ, हिरण्यकेशी नदी, रामतीर्थ आणि गणपतीला मुंबई-पुण्याहून परतणारे चाकरमानी आठवतात. सण सरला, गाड्या परतल्या, की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गाव ओस पडत चालले.’ हे वाक्य आजऱ्यापुरते नाही. चंदगड, भुदरगड, शाहूवाडीत ते ऐकू येते आणि आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला गेले तरी तेच कानावर पडते.

पण हे आकड्यांनी तपासायचे कसे? जनगणनेचे तक्ते सर्वांसाठी खुले आहेत. त्यांवरून आलेख काढणारी ‘आर’ नावाची संगणकीय भाषाही मोफत आहे. वर्षागणिक बदलणारे गट एकावर एक रचून दाखवणारा ‘स्टॅक्ड एरिया चार्ट’, म्हणजेच थरांचा आलेख, या कामासाठी सर्रास वापरला जातो. अडचण एवढीच, की एकाच तक्त्यातून ‘गावे वाढली’ आणि ‘गावे आटली’ असे दोन्ही आलेख निघतात आणि दोन्ही खरे असतात. हे कसे होते, हा आलेख ‘आर’मध्ये कसा काढतात आणि तो वाचताना काय पाहायचे, हे समजून घेऊ.

थरांचा आलेख म्हणजे काय?

साध्या रेषालेखात प्रत्येक गटाची रेषा तळापासून मोजली जाते. थरांच्या आलेखात तसे नसते. पहिला गट तळावर बसतो, दुसरा पहिल्याच्या डोक्यावर, तिसरा दुसऱ्याच्या. गवताची गंजी रचावी तसे. सर्वांत वरची कडा एकूण बेरीज दाखवते आणि मधल्या प्रत्येक पट्ट्याची जाडी त्या त्या गटाचा आकडा सांगते.

त्यामुळे एका नजरेत दोन गोष्टी कळतात. एकूण किती वाढले आणि त्या वाढीत कोणाचा वाटा किती. वीजनिर्मितीचे स्रोत, पिकांखालचे क्षेत्र, पक्षनिहाय जागा किंवा लोकसंख्या अशा विषयांवरच्या बातम्यांत हा आलेख म्हणूनच वारंवार दिसतो.

आधी गट का करावे लागतात?

जनगणनेची माहिती मुळात गावनिहाय असते. गावांची बेरीज तालुक्यात, तालुक्यांची जिल्ह्यात आणि जिल्ह्यांची राज्यात होते. आलेखाला मात्र प्रत्येक वर्षी प्रत्येक गटाचा एकच आकडा लागतो. म्हणून आधी ‘वर्ष’ आणि ‘वस्तीचा प्रकार’ अशा दोन गोष्टींनी गट पाडून बेरीज करावी लागते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्यानंतरच्या सहा जनगणनांचे राज्याचे आकडे असे गटवार मांडले, तर हे चित्र मिळते (आकडे कोटींत) :

• १९६१ : ग्रामीण २.८४, शहरी १.१२
• १९७१ : ग्रामीण ३.४७, शहरी १.५७
• १९८१ : ग्रामीण ४.०८, शहरी २.२०
• १९९१ : ग्रामीण ४.८४, शहरी ३.०५
• २००१ : ग्रामीण ५.५८, शहरी ४.११
• २०११ : ग्रामीण ६.१६, शहरी ५.०८

सहा वर्षे, दोन गट, एकूण बारा आकडे. पुढचा सगळा खेळ या बारा आकड्यांचा आहे.

‘आर’च का?

‘आर’ ही आकडेवारीसाठी घडवलेली भाषा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे काम सुरू केले. दोघांच्या नावांचे आद्याक्षर ‘आर’, त्यावरून हे नाव पडले. पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. ती मोफत आहे आणि तिचा कोड सर्वांना खुला आहे. त्यामुळे विद्यापीठांपासून वृत्तपत्रांच्या डेटा विभागांपर्यंत ती वापरली जाते.

एक्सेलमध्येही असा आलेख निघतो. फरक हा, की एक्सेलमध्ये माउसने काय काय निवडले, याचा माग राहत नाही. ‘आर’मध्ये प्रत्येक पायरी लिहिलेली असते. कोणते गट केले, काय वगळले, हे दुसऱ्या कोणालाही तपासता येते. आलेखावरून वाद होऊ शकतो अशा विषयात ही सोय मोलाची ठरते.

आलेख कसा काढतात?

लॅपटॉप नसेल तर ब्राउझरवर चालणाऱ्या पॉझिट क्लाउड किंवा गुगल कोलॅबसारख्या सेवांतही ‘आर’ चालते. खाली दिलेली आज्ञांची नावे प्रत्यक्ष कोडमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात. पायऱ्या अशा :

१. तक्ता उभा करा. सरकारी तक्त्यात बहुधा ‘ग्रामीण’ आणि ‘शहरी’ असे दोन वेगळे रकाने असतात. आलेखाला तीन रकाने हवेत : वर्ष, वस्ती आणि लोकसंख्या. आडवा तक्ता असा उभा करण्याचे काम ‘टायडीआर’ या पॅकेजमधील ‘पिव्हट लाँगर’ ही आज्ञा करते. सहा ओळींच्या बारा ओळी होतात.

२. गट करून बेरीज घ्या. माहिती जिल्हानिहाय किंवा तालुकानिहाय असेल, तर ‘डीप्लायर’ पॅकेजमधील ‘ग्रुप बाय’ने वर्ष आणि वस्ती हे दोन रकाने द्यायचे आणि ‘समराइज’ने लोकसंख्येची बेरीज करायची. काम झाले की ‘अनग्रुप’ने गट सोडवून ठेवायचे.

३. आलेख काढा. ‘जीजीप्लॉट’मध्ये आडव्या अक्षावर वर्ष, उभ्या अक्षावर लोकसंख्या आणि रंग भरण्यासाठी म्हणजे ‘फिल’साठी वस्ती द्यायची. त्याला ‘जिओम एरिया’ जोडले की थर तयार होतात. एकावर एक रचणे हीच त्याची मूळ सवय असल्याने वेगळे काही सांगावे लागत नाही.

४. थरांचा क्रम ठरवा. हे न केल्यास ‘आर’ नावांच्या वर्णक्रमाने चालते आणि क्रमातला पहिला गट सर्वांत वर ठेवते. ‘ग’ हा ‘श’च्या आधी येतो, त्यामुळे ग्रामीण वर जाते आणि शहरी तळाला बसते. उलटे हवे असेल, तर ‘फॅक्टर’ आज्ञेने शहरी आधी आणि ग्रामीण नंतर असा क्रम द्यायचा.

५. मराठी अक्षरे तपासा. आलेखावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसले किंवा वेलांट्या सुटल्या, तर चित्र जतन करताना ‘रॅग’ हे पॅकेज आणि देवनागरी फॉन्ट वापरावा. जोडाक्षरे नीट येतात.

एकाच तक्त्यातून दोन निष्कर्ष कसे?

वरचे बारा आकडे सरळ रचले, तर ग्रामीण थर दर दशकात जाड होताना दिसतो. १९६१मध्ये २.८४ कोटी असलेली ग्रामीण लोकसंख्या २०११मध्ये ६.१६ कोटींवर गेली, म्हणजे दुपटीहून अधिक झाली. २००१ ते २०११ या शेवटच्या दशकातही तीत सुमारे ५८ लाखांची भर पडली. हा आलेख पाहणारा म्हणेल, ‘कुठे ओस पडली गावे?’

आता ‘जिओम एरिया’ला ‘पोझिशन फिल’ असे दोनच शब्द जोडले की प्रत्येक वर्षाची एकूण उंची १०० टक्के होते आणि थर फक्त वाटा दाखवतात. या चित्रात ग्रामीण थर सतत आटत जातो. १९६१मध्ये ७१.८ टक्के, १९९१मध्ये ६१.३ टक्के आणि २०११मध्ये ५४.८ टक्के. हा आलेख पाहणारा म्हणेल, ‘बघा, गावे चालली!’

दोघांचेही आकडे बरोबर आहेत. फरक प्रश्नाचा आहे. पहिला आलेख ‘किती माणसे’ हे सांगतो, दुसरा ‘शंभरातली किती’ हे. गावे वाढली, पण शहरे त्याहून वेगाने वाढली. त्याच पन्नास वर्षांत शहरी लोकसंख्या साडेचार पट झाली. शाळा, दवाखाने, रस्ते यांची गरज पहिल्या आकड्यावरून ठरते. विधानसभेत आणि लोकसभेत ग्रामीण आवाजाचे वजन किती राहील, ही चर्चा दुसऱ्या आकड्यावर फिरते. म्हणून एकच आलेख दाखवून निष्कर्ष काढणाऱ्याला दुसराही मागावा.

वाचताना सर्वाधिक फसगत कुठे होते?

वरच्या थरात. पहिल्या आलेखात शहरी थराची वरची कडा २०११ला ११.२४ कोटींवर असते. ती राज्याची एकूण लोकसंख्या. शहरी लोकसंख्या म्हणजे त्या पट्ट्याची जाडी, ५.०८ कोटी. घाईत पाहणारा कडेवरचा आकडा शहरी म्हणून वाचून मोकळा होतो.

दुसरे असे, की फक्त सर्वांत खालचा थर सपाट तळावर उभा असतो. वरच्या थराचा तळ स्वतःच चढ-उतार करत असतो, त्यामुळे त्याची जाडी वाढली की घटली, हे डोळ्यांना चटकन कळत नाही. ज्या गटाबद्दल बोलायचे तो तळाला ठेवावा, हा साधा नियम इथून येतो. गट सहा-सातांहून अधिक असतील, तर थरांऐवजी प्रत्येक गटाचा छोटा वेगळा रेषालेख अधिक प्रामाणिक ठरतो.

कोडमध्ये चुका कुठे होतात?

पहिली चूक, गट न करता आलेख काढण्याची. जिल्हानिहाय ओळी तशाच दिल्या, तर एका वर्षी एका गटाचे अनेक आकडे येतात आणि थरांना करवतीसारखे दाते पडतात. दाते दिसले की दुसरी पायरी राहिली, असे समजावे.

दुसरी चूक वर्षाची. फाइल वाचताना ‘१९६१’ हा आकडा मजकूर म्हणून वाचला गेला, तर ‘आर’ प्रत्येक वर्षाला वेगळा गट मानते. एका बिंदूचे क्षेत्रफळ निघत नाही आणि आलेख कोरा येतो. वर्ष हा आकडा असल्याची खात्री करून घ्यावी.

तिसरी चूक टक्क्यांची. वाटा काढताना प्रत्येक आकड्याला त्या वर्षाच्या बेरजेने भागायचे असते. वर्ष आणि वस्ती असे दोन्ही गट तसेच ठेवून भागाकार केला, तर प्रत्येक आकडा स्वतःनेच भागला जातो आणि सगळे थर १०० टक्के येतात. गट फक्त वर्षाचा हवा.

चौथी चूक सर्वांत घातक, कारण ती चित्रात चूक म्हणून दिसतच नाही. ती म्हणजे नसलेली माहिती. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या जनगणनेनंतर. जिल्हानिहाय थर काढले, तर १९८१पर्यंत सिंधुदुर्गाची ओळच नसते. आलेखात रत्नागिरीचा थर एकदम खचतो आणि सिंधुदुर्गाचा शून्यातून उगवतो. प्रत्यक्षात कोणी जागचे हललेले नसते, फक्त सीमा हललेली असते. मधल्याच एखाद्या वर्षाची ओळ गळाली, तर ‘जीजीप्लॉट’च्या अलीकडच्या आवृत्त्या आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ रेषेने जोडतात आणि खाडा झाकला जातो. उपाय दोन. ‘कम्प्लीट’ आज्ञेने कोणत्या वर्षाची कोणती ओळ गायब आहे ते उघडे करावे. आणि सीमा बदलली असेल, तर दोन्ही जिल्ह्यांचा एकच गट करून सर्व वर्षांना तोच लावावा.

मग आजऱ्यासारखा तालुका या चित्रात कुठे दिसतो?

राज्याच्या दोन थरांत तो दिसत नाही, हेच खरे उत्तर. गट जितका मोठा, तितके आतले चढ-उतार एकमेकांत जिरून जातात. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात कोल्हापूर जिल्ह्याची वाढ सुमारे १० टक्के होती : ३५,२३,१६२ वरून ३८,७६,००१. घाटाखालच्या सिंधुदुर्गात तर लोकसंख्या घटली : ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. रत्नागिरीतही १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. राज्याचा ग्रामीण थर जाड होत असताना त्याच्याच पोटात दोन जिल्हे आकसत होते. शिवाय मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही त्या दशकात घटली. म्हणजे घट फक्त गावांकडेच होते, असेही नाही.

गट बदलला की आणखी एक गोष्ट दिसते. वस्तीऐवजी स्त्री-पुरुष असे थर केले, तर २०११मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, कोल्हापुरात ९५७, सिंधुदुर्गात १,०३६ आणि रत्नागिरीत १,१२२. कमावते पुरुष बाहेर असलेल्या प्रदेशाची ही ओळखीची खूण आहे. पारावरचे ‘ओस’ हे बहुधा याबद्दल असते. घराला कुलूप नसते, पण घरातला तरुण नसतो. वयोगटांचे थर काढले, तर ही पोकळी आणखी स्पष्ट होते. म्हणून आजऱ्याबद्दल बोलायचे तर राज्याचा आलेख पुढे करून भागत नाही. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून तालुक्याची गावनिहाय यादी घ्यावी आणि गट स्वतः करावेत.

थरांचा आलेख आणखी एक गोष्ट सांगत नाही : कोण कुठून कुठे गेले. तो त्या त्या वर्षी किती माणसे होती एवढेच दाखवतो. शहरी थर वाढण्यामागे गावातून गेलेली माणसे असतात, परराज्यातून आलेली असतात, शहरातच जन्मलेली असतात. आणि कधी कधी अख्खे गावच शहरात मोजले जाते.

माणूस न हलता गाव शहरी कसे होते?

जनगणनेत महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा कटक मंडळ असलेले ठिकाण शहरी धरतात. याशिवाय किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, या तिन्ही अटी पुऱ्या करणारे गावही ‘जनगणना शहर’ ठरते. तिथे ग्रामपंचायत असली, तरीही.

आजऱ्यात आता नगरपंचायत आहे. त्यामुळे येत्या जनगणनेत आजरा गावठाणातील माणसे शहरी थरात मोजली जातील, तर तालुक्यातील वाड्या-वस्त्या ग्रामीण थरात. राज्यात गेल्या काही वर्षांत अनेक तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती झाल्या. तिथली जी गावे पूर्वी ग्रामीण गणली जात होती, त्यांचे आकडे एका रात्रीत एका थरातून दुसऱ्या थरात जातील. त्यामुळे शहरी थर फुगेल. त्यातला काही भाग स्थलांतराचा असेल आणि काही निव्वळ पाटी बदलल्याचा. दोन्ही वेगळे काढायचे, तर नव्याने शहरी झालेल्या ठिकाणांचा तिसरा थर करावा लागेल. ‘आर’मध्ये त्यासाठी एक जादा रकाना पुरतो.

पुढच्या जनगणनेनंतर काय पाहायचे?

२०२१ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरवण्यात आला आहे. म्हणजे २०११ नंतरचे अंतर दहा नव्हे, सोळा वर्षांचे असेल. नवे आकडे आले की जुन्या आलेखांना ते जोडण्याची घाई होईल. अशा वेळी आडवा अक्ष पाहावा. वर्षे आकडा म्हणून दिली असतील, तर २०११ आणि २०२७मधील जागा आधीच्या दशकांहून रुंद दिसेल. ती समान दिसली, तर सोळा वर्षांची वाढ दहा वर्षांच्या जागेत कोंबलेली आहे आणि चढ आहे त्याहून तीव्र भासणार.

मोबाइलवर असा आलेख आला, तर पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी तपासता येतील : उभ्या अक्षावर माणसे आहेत की टक्के, तळाला कोणता गट आहे, गट कोणी आणि कशावरून पाडले आणि सगळ्या वर्षांना सीमा एकच आहे का. आजऱ्यातील एखाद्या वाडीवरची शाळा पटसंख्येअभावी बंद करायची की नाही, एसटीची फेरी ठेवायची की नाही, असे निर्णय ‘ग्रामीण लोकसंख्या’ या एका ढोबळ थरावरून घेतले गेले, तर ती वाडी त्यात कुठेच नसते. गावनिहाय आकडे मात्र उपलब्ध असतात. ग्रामसभेत ते मांडायला बारा ओळींचा तक्ता आणि अर्ध्या पानाचा कोड पुरेसा आहे.